उरलेल्या तिघी

माझ्या नावामागे चौतीस वर्षे 'साहाय्यक' हा शब्द होता. १९७६ साली बडोद्याच्या एका महाविद्यालयात मी साहाय्यक शारीरिक शिक्षण निदेशिका म्हणून रुजू झाले आणि २०१० साली त्याच पदावरून निवृत्त झाले. मधल्या काळात तीन क्रीडासंचालक आले नि गेले. तिघेही पुरुष होते, आणि त्यांतल्या दोघांना खो-खोच्या पाटीवर धड बसताही येत नव्हते. त्याची मला फारशी खंत वाटली नाही, निदान तसे मी समजत होते. २०२४च्या सप्टेंबरात मात्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका गोल्फच्या मैदानाकाठी, माझ्या नातीहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असलेल्या एका मुलीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि चाळीस वर्षे बंद असलेली एक पेटी उघडली. त्या पेटीत काय होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोल्फ हा खेळ आम्हा बडोदेकरांना तसा अपरिचित नाही. पण तो आम्हाला भिंतीपलीकडून परिचित आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, संस्थानी काळी युरोपीय पाहुण्यांसाठी तयार झालेले गोल्फचे मैदान आजही आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातून राजवाड्याच्या रस्त्याने जाताना मुलांना ते हिरवे पटांगण आणि त्यावरचे मोर तेवढे ठाऊक असत. आमचे खेळ वेगळे होते. वडील व्यायामशाळेत घडलेले. मल्लखांब, लेझीम, लाठी हा घरातला रोजचा विषय. १८५७च्या समराला शंभर वर्षे झाली त्या १९५७ साली ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, तिथे वडिलांनी मला हट्टाने धाडले. तिथून पदवी घेऊन आले ती खो-खो घेऊनच. एका माणसाने एक लहानसा पांढरा चेंडू मारायचा आणि मग त्याच्यामागून चालत सुटायचे, याला खेळ म्हणावे की फेरफटका, अशी थट्टा मीही केलेली आहे.

ती थट्टा पहिल्यांदा ओसरली ती ७ ऑगस्ट २०२१ रोजी. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक शेवटच्या फेरीपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. गोल्फचे नियम ठाऊक नसलेली आमच्यासारखी कितीतरी घरे त्या शनिवारी पहाटेपासून दूरदर्शन संचासमोर बसली होती. एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली. माझ्या मनात राहिली ती मात्र तिच्या शेजारून चालणारी तिची आई. लेकीच्या काठ्यांची पिशवी तिने स्वतः वाहिली होती. साऱ्या मैदानावर त्या खेळाडूशी खेळाविषयी बोलण्याचा अधिकार तेवढ्या एका व्यक्तीला होता.

माझी नात कोलंबस शहराजवळ वाढली. वडिलांबरोबर सार्वजनिक मैदानावर जाता जाता ती हा खेळ शिकली आणि एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात, थोडीशी शिष्यवृत्ती घेऊन, मुलींच्या गोल्फसंघात दाखल झाली. शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला जाणे म्हटले की आम्हा बडोदेकरांना १९१३ साल आठवते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते त्या वर्षी. खेळण्यासाठीही विद्यापीठ पैसे देते, हे माझ्या वडिलांना सांगितले असते तर त्यांनी आनंदाने दहा जोर जास्त मारले असते.

ही व्यवस्था तिथेही आपोआप आलेली नाही. नातीच्या घरापासून फार दूर नसलेल्या ओहायो स्टेट विद्यापीठात १९४१ साली ग्लॅडिस पामर या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख बाईंनी महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा भरवली. मुलींनी चुरशीने खेळू नये, असे त्या काळी त्यांच्याच क्षेत्रातल्या पुष्कळ बायकांचे मत होते. त्यांचा विरोध पत्करून बाईंनी ती घेतली. १९७२ साली 'टायटल नाइन' नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करण्याची मनाई झाली. पुढे १९८२पासून एनसीएए या संघटनेने मुलींची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. स्वीडनची ॲनिका सोरेनस्टॅम १९९१ साली ॲरिझोना विद्यापीठाकडून ती जिंकली आणि पुढे जगज्जेती झाली. या कायद्याची एक उलटी बाजूही आहे. १९७२ साली तिथल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. मुलींच्या खेळात पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसे पुरुष प्रशिक्षक त्या जागांवर आले आणि बायकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. हे वाचले तेव्हा मला आमच्या तिन्ही संचालकांची आठवण झाली.

नातीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकही एक प्रौढ गृहस्थ आहेत. सज्जन, अनुभवी आणि मोजके बोलणारे. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या हाताखाली एक नवी साहाय्यक प्रशिक्षिका आली. वय सव्वीस. स्वतः महाविद्यालयाकडून खेळलेली. नंतर दोन वर्षे व्यावसायिक स्पर्धांच्या खालच्या पायरीवर धडपडलेली आणि पैसे संपल्यावर परतलेली. साहाय्यक प्रशिक्षिकेचे काम म्हणजे गणवेशांची मापे घेणे, मुक्कामाच्या खोल्या ठरवणे, संघाची व्हॅन चालवणे, पुढल्या वर्षीच्या मुली हेरणे आणि उरलेल्या वेळात शिकवणे. नातीने फोनवर ही यादी सांगितली तेव्हा मी म्हटले, "बाळा, हे सगळं मला पाठ आहे. फक्त व्हॅनच्या जागी रेल्वेचा दुसरा वर्ग घाल."

नात तेव्हा खेळ सोडण्याच्या विचारात होती. याचे कारण कळायला या स्पर्धेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. एका संघाच्या पाच मुली खेळतात. प्रत्येक फेरीत ज्या चौघींचे फटके सर्वांत कमी, त्या चौघींची बेरीज संघाच्या नावे मांडली जाते. पाचवीचा आकडा सोडून दिला जातो. फलकावर तो दिसतो, पण धरला जात नाही. आदल्या वर्षी तिचा आकडा बहुतेक वेळा असाच सुटला होता. "आजी, मी पाच तास चालते आणि शेवटी मी खेळलेच नव्हते असं होतं," ती म्हणाली होती. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

नव्या बाईने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट केली. आदल्या वर्षीच्या आकड्यांवरून पाच नावे ठरवून टाकावीत, असा मुख्य प्रशिक्षकांचा मानस होता. तिने त्यांना सांगितले, की आठही मुलींच्या निवडफेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीचे पत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. हाताखालच्या माणसाने, रुजू होऊन आठवडा झालेला नसताना, असे सुचवणे सोपे नसते. ते गृहस्थ मोठ्या मनाचे. त्यांनी मान्य केले. नात एका फटक्याच्या फरकाने पाचवी आली आणि संघात राहिली. मैत्रिणींपैकी एक त्याच एका फटक्याने बाहेर राहिली. निवडीतला हा क्रूरपणा मी नाकारत नाही. पण तिला आपण का राहिलो हे ठाऊक होते. ते भिंतीवर लावलेले होते.

मी तिथे गेले ती नेमकी त्यांच्या एका स्पर्धेच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी छत्तीस विवरे, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या; दुसऱ्या दिवशी अठरा. काठ्यांची पिशवी मुलींनी स्वतःच तीनचाकी ढकलगाडीवर न्यायची. घरच्यांनी गाड्यांच्या डांबरी वाटेवरूनच चालायचे आणि खेळासंबंधी मुलीशी एक अक्षरही बोलायचे नाही, अशी ताकीद होती. एरवी गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला देणे नियमाने वर्ज्य असते. महाविद्यालयीन स्पर्धांत संघाच्या ठरावीक प्रशिक्षकांना तेवढी मुभा आहे. त्यामुळे दिवसभर माझी नात माझ्यापासून शंभर पावलांवर होती आणि मी मुकी होते. मुख्य प्रशिक्षक पहिल्या दोघींबरोबर फिरत होते. नवी बाई शेवटच्या मुलींजवळ, त्यातही बराच वेळ माझ्या नातीजवळ होती. बोलताना फारशी दिसली नाही. बाजूने चालायची, वारा पाहायची, वहीत काहीतरी टिपायची. त्या दिवशी नातीने चौऱ्याऐंशी आणि ऐंशी फटके घेतले. दोन्ही आकडे सुटले.

संध्याकाळी मैदानाच्या पडवीत पालकांनी आणलेले खाणे चालले होते. नातीने तिची नि माझी ओळख करून दिली. मला काय म्हणावे असा त्या बाईला प्रश्न पडला. "आजी म्हण," असे नातीने सांगितल्यावर तिने तो शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि माझ्या शेजारी बसली. मीही खेळ शिकवत असे, हे तिला कळले होते. कोणता, म्हणून तिने विचारले. खो-खो तोंडी समजावणे कठीणच. तेव्हा तिने खिशातून चेंडू ठेवायच्या लाकडी टी काढून टेबलावर ठेवल्या. त्या बोटभर खुंट्यांपैकी आठ मी एका ओळीत, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे, अशा मांडल्या. नववी हातात धरून पळवून दाखवली. खो कसा द्यायचा, दिशा का बदलता येत नाही, खांब कशासाठी, हे सांगताना मी दम लागेपर्यंत रंगले. ती लहान मुलीसारखी ऐकत होती.

मग तिने विचारले, "संघात नऊच जणी असतात?"

"नाही, बारा. नऊ मैदानात उतरतात."

"आणि उरलेल्या तिघी? त्यांच्याबरोबर कोण असतं?"

मी म्हटले, "त्या पाणी देतात, टॉवेल धरतात." एवढे बोलून मी थांबले. तिने विचारले होते एक आणि मी उत्तर दिले होते दुसऱ्याचे. त्यांच्याबरोबर मीच असायची. कडेच्या सतरंजीवर, हजेरीपट आणि आयोडीनची बाटली घेऊन, उरलेल्या तिघींच्या शेजारी, वर्षानुवर्षे.

१९८३च्या हिवाळ्यात आम्ही एका स्पर्धेसाठी इंदूरला गेलो होतो. रतलामला गाडी बदलून, रात्रभर बसून. बारा मुलींत एक गिरणीकामगाराची मुलगी होती. रंगाने सावळी, अंगाने काटक. खांबाजवळ ती अशी सूर मारायची, की पळणारीला आपण बाद झालो हे जमिनीवर पडल्यावर कळे. चार महिने तिने एकही सकाळ चुकवली नव्हती. पण नऊ जणींची यादी संचालकांच्या खिशात असे, आणि त्या वर्षी तिच्या जागी व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांची कन्या होती. आम्ही पहिले दोन सामने हरलो. तिसऱ्या सामन्याला काही अर्थच उरला नव्हता. त्या सकाळी चहाच्या वेळी संचालकांनी मला सहज विचारले, "आज काही बदल करायचा का?"

वाचकहो, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला नाही. नाव माझ्या ओठांवर होते. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

ती तिन्ही सामने सतरंजीवर बसून राहिली. परतताना दाहोदच्या आसपास, बाकीच्या झोपलेल्या असताना, तिने मला विचारले, "मॅडम, मग मी कशाला आले होते?" मी म्हटले, "अनुभव येतो गं." पुढल्या वर्षी ती मैदानावर आली नाही. घरच्यांनी तिचे लग्न ठरवले होते. ती खेळली असती तर लग्न टळले असते, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याची एक संधी मला त्या सकाळच्या चहाबरोबर मिळाली होती आणि ती मी बशीत ओतून पिऊन टाकली होती. नोकरीची भीती होती का? फारशी नव्हती. आपण साहाय्यक, आपण कशाला मध्ये पडा, ही सवय होती. पदाचे नाव मी पांघरूण म्हणून वापरले.

हे सारे मी त्या पडवीत बोलले नाही. "पाणी देतात," एवढ्यावरच विषय संपला आणि तिने त्या टी गोळा करून खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत माझी नात बरी खेळत होती. अखेरून दुसरे विवर लांबलचक होते आणि त्याच्या हिरवळीपुढे तळे होते. आदल्या दिवशी दोन्ही फेऱ्यांत तिचा चेंडू त्या तळ्यात गेला होता. तिने पुन्हा मोठी काठी उपसलेली मी दुरून पाहिली. बाई तिच्याजवळ गेली. काही क्षण दोघी बोलल्या; नातीने ती काठी परत ठेवली, धाकटी घेतली, चेंडू तळ्याच्या अलीकडे थांबवला आणि पुढच्या फटक्याला तो अलगद पलीकडे नेला. काय बोलणे झाले ते संध्याकाळी तिने सांगितले. ती म्हणाली होती, "मारू दे ना, तसाही माझा आकडा धरत नाहीत." त्यावर बाई म्हणाली, "तुझा आकडा धरणार नाहीत हे तुला कुणी सांगितलं? मैदानावर अजून चौघी खेळताहेत."

हे वाक्य मी रात्रभर घोळवले. त्या खेळात पाचवी कोण, हे आधी ठरलेले नसते. पाचही जणींनी शेवटचा चेंडू विवरात ढकलल्यावरच ते कळते. एखादीचे पोट बिघडते, एखादीचे दोन चेंडू झाडीत हरवतात आणि जिला सगळ्यांनी सोडून दिलेले असते तिचाच आकडा संघाला तारतो. आमची बारावी मात्र बडोद्याच्या फलाटावरच बारावी ठरलेली होती. आणि ठरलेले नसताना ते ठरले असे मुलीला वाटू न देणे, हेच तर तिच्या शेजारून चालणाऱ्या माणसाचे काम. मुख्य प्रशिक्षकाला संपूर्ण फलक पाहावा लागतो. साहाय्यकाला एका मुलीच्या बरोबरीने चालता येते. हे पद खालचे नाही. ते जवळचे आहे. मला ते बहात्तराव्या वर्षी उमगले.

नातीचा त्या फेरीचा आकडा सत्त्याहत्तर झाला. चौथीचा शहात्तर. एका फटक्याने तो पुन्हा सुटला. मला वाटले, बाई तिची समजूत काढील. तिने तसे काही केले नाही. गवतावर बसून तिने वही उघडली आणि पहिल्या विवरापासून अठराव्यापर्यंत प्रत्येक फटका नातीला विचारून लिहून घेतला. बाकीच्या चौघींच्या पानांइतकेच ते पान भरले. मग ती व्हॅनमध्ये पिशव्या चढवायला गेली.

नातीने खेळ सोडला नाही. पुढल्या वसंतातल्या दौऱ्यांपैकी काहींना ती गेली, काहींना निवडफेरीत मागे पडून घरी राहिली. घरी राहिलेल्या मुलींना दौऱ्यावरून रोज रात्री त्या बाईचा फोन येतो, असे ती सांगत असे.

बडोद्याला परतल्यावर मी जुन्या विद्यार्थिनींकडून त्या सावळ्या मुलीचा ठावठिकाणा मिळवला. ती नवसारीजवळ असते. तिला नातवंडे आहेत. क्रमांक लिहिलेला कागद दोन महिने देवघराच्या कोनाड्यात पडून होता. २०२५च्या जुलैमध्ये, एका दुपारी, मी फोन लावला. "अगं बाई, मॅडम! तुम्ही आहात अजून!" असे म्हणून ती मोकळेपणाने हसली. तिला इंदूर आठवत होते. नऊ जणींची नावे तिने क्रमाने सांगितली. तिसऱ्या सामन्याचे गुणही सांगितले. मी म्हटले, "त्या सकाळी सरांनी मला विचारलं होतं. मी तुझं नाव घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. कुणीतरी भांडी विसळत असल्याचा आवाज येत होता.

"विचारलं होतं होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला कुणी विचारलंच नसेल."

मग तिने बडोद्यात पाऊस कसा आहे, ते विचारले. मी सांगितले, की चांगला आहे, सुरसागर भरला आहे. आम्ही आणखी थोडे बोललो आणि तिने फोन ठेवला.